कंपनीचा देऊ की लोकल?

जळगाव असो की धुळे, दुचाकीच्या पार्ट्सच्या दुकानाची पायरी चढलं की पहिला प्रश्न ठरलेला : "कंपनीचा देऊ की लोकल?" गिऱ्हाईक बाई असली तर त्याच्याही आधी एक वाक्य येतं, "मॅडम, मिस्तरीलाच पाठवून द्यायचं ना!" मी कनिष्ठ महाविद्यालयात बुक-कीपिंग शिकवते. घरात यांची स्प्लेंडर, माझी स्कूटर आणि थोरल्याची पल्सर, आणि तिन्हींच्या खर्चाची वही माझ्याकडे. मिस्तरीच्या हातात पैसे ठेवायचे आणि त्यानं सांगितलेला आकडा वहीत उतरवायचा, हे माझ्या हिशेबात बसत नाही. म्हणून मी स्वतः जाते. आणि माझं ठाम मत असं आहे की काउंटरवरचा तो पहिला प्रश्नच खोटा आहे.

खोटा अशासाठी, की त्यात कप्पे दोनच आहेत आणि दुकानाच्या फळीवर निदान चार. पहिला माल गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या छापील खोक्यातला. दुसरा, त्या कंपनीला पार्ट पुरवणाऱ्या कारखान्याचाच, पण त्याच्या स्वतःच्या नावाच्या खोक्यात. हे कारखाने काही परमुलखातले नाहीत. अजिंठ्याचा घाट चढून पुढे गेलं की छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज लागतं. तिथे 1985 साली बजाजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आधारानं त्या भागात पुरवठादार वाढले; एन्ड्युरन्स, व्हॅरॉक ही नावं त्यातलीच. हे लोक गाडीच्या कंपनीला माल देतात आणि सुट्या बाजारात आपल्या नावानंही विकतात. कोइम्बतूरची रोलॉन चेन, गॅब्रिएलचे शॉकअप यांचंही तसंच. तिसरा माल गाडीच्या कंपनीशी काही संबंध नसलेल्या, पण खोक्यावर नाव, पत्ता आणि एमआरपी छापणाऱ्या कारखान्याचा. चौथा प्लास्टिकच्या पिशवीत येतो, त्याला आई ना बाप. आणि या चौथ्यातच एक पोटप्रकार : खोकं नामांकित कंपनीचं, आतला ब्रेक शू भलत्याचाच. रिकामी खोकी गॅरेजमधून कुठे जातात, हे एखाद्या जुन्या मिस्तरीला चहा पाजून विचारावं.

दुकानदार "लोकल" म्हणतो तेव्हा दुसऱ्यापासून चौथ्यापर्यंत सगळं त्या एका शब्दात मावतं. गिऱ्हाइकाला वाटतं, महाग आणि स्वस्त यांतलं एक निवडायचं आहे. खरं तर त्याच्या फायद्याचा सौदा बहुतेक वेळा दुसऱ्या कप्प्यात असतो आणि तो कप्पा त्याला कुणी दाखवतच नाही. मग चारचौघांत बोलणी होतात, "तू चेन किट केवढ्याला आणलीस? मला तर दोनशेनं स्वस्त मिळाली." कुठली मिळाली, हे कोणी विचारत नाही. भावाची तुलना होते, मालाची होत नाही.

चारचाकीवाल्यांचं दुखणं याच्या अगदी उलटं आहे. त्यांचे पार्ट कंपन्या खुल्या बाजारात येऊच देत नाहीत, अशी तक्रार होती. 25 ऑगस्ट 2014 ला भारतीय स्पर्धा आयोगानं त्यावरून 14 मोटार कंपन्यांना मिळून सुमारे 2,545 कोटींचा दंड सुनावला. पुढे त्यावर कोर्टकचेऱ्या झाल्या. दुचाकीचा पार्ट मात्र पारोळ्यातही मिळतो आणि एरंडोलातही. तो कुणाचा, एवढंच कळत नाही.

कळायचा मार्ग खोक्यावरच छापलेला असतो : पार्ट नंबर. स्प्लेंडर 1994 साली आली तेव्हा ती हिरो होंडाची होती. आता कंपनीचं नावही बदललं आणि गाडी आतून कितीतरी बदलली. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-सिक्स आलं, कार्ब्युरेटर गेला आणि फ्युएल इंजेक्शन आलं. नाव तेच, टाकी तशीच, चालवणारा बहुधा तोच. पण "स्प्लेंडरचा एअर फिल्टर द्या" म्हटल्यानं आता काहीच सांगितल्यासारखं होत नाही. मी सर्व्हिसच्या काउंटरवर आरसी दाखवून नंबर विचारून घेते आणि वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवते. चेन किट, क्लच प्लेट, ब्रेक शू, कोन सेट, एअर फिल्टर, प्लग. नेहमी लागणारे पार्ट एवढेच असतात. नंबर सांगून भाव विचारला की "मिस्तरीला पाठवा" हे वाक्य आपोआप बंद होतं, हा त्यातला बायकांसाठीचा जादा फायदा.

माझं माहेर धुळ्याचं, देवपूरचं. 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून भावाकडे जाणं वाढलं आणि सहज म्हणून दोन्ही शहरांतले भावही विचारले जाऊ लागले. जळगाव ते धुळे नव्वदेक किलोमीटर. चेन किटसाठी गाडी घेऊन तिकडे जाणं हा वेडेपणाच, पेट्रोलमध्येच सगळं जातं. पण आग्रा रोडला खरेदीला गेलंच आहे, तर आजूबाजूच्या गल्लीत दोन दुकानं विचारायला काय जातं? धुळ्याचा मला अभिमान आहे. ब्रिग्ज साहेबानं वसवलेल्या जुन्या शहरात गल्ल्यांना नंबर आहेत, पत्ता सांगायला सोपं. त्याच नंबरवाल्या गल्लीतल्या दुकानात पार्टचा नंबर विचारला, तर उत्तर आलं, "ताई, नंबरनं काय करस, बठ्ठं एकच शे." अहिराणीत ऐकलं म्हणून राग आला नाही एवढंच. जळगावला अजिंठा चौफुलीकडे हेच उत्तर शुद्ध मराठीत मिळतं.

दोन शहरांत एकाच नंबरच्या, एकाच कंपनीच्या खोक्याचा भाव विचारला तर फरक किरकोळ निघतो, हे मला वहीतून दिसलं. मोठा फरक दिसला की समजावं, माल वेगळा आहे.

आता एमआरपीबद्दल. एमआरपी म्हणजे सगळ्या करांसह जास्तीत जास्त किंमत. ती कमाल मर्यादा आहे, भाव नव्हे. दुकानदार मात्र खोकं फिरवून एमआरपी दाखवतो ती देवाचा प्रसाद दाखवल्यासारखी. 22 सप्टेंबर 2025 ला दुचाकीच्या सुट्या भागांवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. मूळ किंमत 1,000 रुपये धरली तर पूर्वी करासह 1,280 रुपयांना पडणारा पार्ट आता 1,180 ला पडायला हवा. पण पार्ट्सच्या दुकानात माल वर्षवर्ष पडून असतो, त्यामुळे जुन्या एमआरपीची खोकी फळीवर राहतात. मग संवाद असा होतो, "1,280 छापलंय मॅडम, तुमच्यासाठी 1,200." ऐकणारा खूश, 80 रुपये वाचले. प्रत्यक्षात करकपातीचे 100 सुद्धा त्याला पूर्ण मिळालेले नाहीत, सवलत तर लांबच. हे गणित मी वर्गात फळ्यावर घातलं तेव्हा मागच्या बाकावरची मुलं पहिल्यांदा वही काढून बसली.

यात दुकानदाराची बाजूही आहे. कंपोझिशन योजनेतल्या छोट्या दुकानदाराला जुन्या मालावर भरलेल्या कराचं क्रेडिट मिळत नाही. जुनं खोकं नव्या भावात देणं त्याला अंगावर घेणं आहे. हे त्यानं सरळ सांगितलं तर मी वीस-तीस रुपयांसाठी घासाघीस करणार नाही. सवलत म्हणून विकलं तर करीन.

मिस्तरीचाही प्रश्न इथेच घ्यायला हवा, कारण आपल्याकडे पार्टची खरी तुलना गिऱ्हाईक करतच नाही, मिस्तरी करतो. कुठल्या दुकानात त्याला जास्त सुटतात, ते तो बघतो. गिऱ्हाइकाला एमआरपी सांगायची आणि दुकानातून कमी भावात उचलायचं, मधला फरक त्याचा. मला याचा राग नाही. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली, 45 अंशांत इंजिन खोलणाऱ्या माणसाला आपण मजुरी किती देतो, ते आठवून बघा. ती इतकी कमी आहे की त्याला ती पार्टमधून काढावी लागते. त्यापेक्षा मजुरी वाढवून घ्या आणि पार्टचं बिल वेगळं दाखवा, असं मी आमच्या मिस्तरीला सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, मजुरी वाढवली तर गिऱ्हाईक समोरच्या गॅरेजला जातं. पार्टचे वाढवले तर कळत नाही." त्याच्या प्रामाणिकपणाला दाद द्यावी लागली. दोष गिऱ्हाइकाचा आहे : दिसणाऱ्या पन्नास रुपयांवर हुज्जत आणि न दिसणाऱ्या दोनशेंवर मौन.

थोरला म्हणतो, "आई, एवढं फिरतेस कशाला, फोनवर बघ ना." बघते. फोनवर एक गोष्ट खरोखर चांगली असते : विकणारा कोण, भाव काय, माल कुठल्या देशातला, परत करायची मुदत किती, हे दाखवणं त्यांना बंधनकारक आहे. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनी ती सक्ती केली. बिल आपोआप येतं. पण "स्प्लेंडर, पॅशन, एचएफ डिलक्स सर्वांना चालेल" अशी लांबलचक नावं वाचली की मी पान बंद करते; सर्वांना चालणारा पार्ट बहुधा कुणालाच नीट बसत नाही. शिवाय बसवणार कोण? मिस्तरी खोकं बघूनच सांगतो, "तुम्ही आणलेल्या मालाची गॅरंटी आपली नाही." त्याचंही बरोबर आहे. क्लच प्लेट चारशे किलोमीटरवर घसरायला लागली तर भांडण पार्टशी करायचं की बसवणाऱ्याशी, हे ठरवता येत नाही. फोनवरचा भाव आणि दुकानातला भाव यांची तुलना करताना ही बसवण्याची जबाबदारी कुणाच्या खात्यात टाकायची, हे आधी ठरवावं. मला विचाराल तर झिजणारे आणि बसवावे लागणारे पार्ट गावातच घ्यावेत. आरसा, मोबाइल होल्डर, सीट कव्हर, गाडीचं झाकण हवं तिथून मागवा.

रायडिंग जॅकेटची गोष्ट वेगळी. थोरल्याला लडाखला जायचंय, त्यासाठी जाळीचं जॅकेट आणि गुडघ्याचे गार्ड हवेत. आपल्याकडे हा माल ठेवणारी दुकानं फार नाहीत, म्हणून पोरं फोनवरून घेतात. त्याला मी एवढंच शोधायला सांगितलं, की खांद्या-कोपराच्या पॅडवर ईएन 1621-1 हा युरोपी मानकाचा क्रमांक आणि लेव्हल 1 की 2 हे छापलं आहे का. नुसतं "आर्मर" लिहिलेला फोम कुशनच्या कामाचा.

आणि हेल्मेट. इथे मला जळगावकर म्हणून लाज वाटते. आपलं गाव सुवर्णनगरी म्हणवतं. लग्नाचं सोनं घ्यायला बाहेरच्या जिल्ह्यांतून लोक इथे येतात ते शुद्धतेच्या भरवशावर. 1 एप्रिल 2023 पासून दागिन्यावर सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी असल्याशिवाय सराफाला तो विकता येत नाही, आणि आता खेड्यातली आजीसुद्धा भिंग मागून तो आकडा बघते. नातवाकडून मोबाइलवर तपासून घेते. हा हॉलमार्क देते भारतीय मानक ब्यूरो. हेल्मेटवरचा आयएसआय शिक्का देते तीही हीच संस्था. शिक्क्याच्या वर आयएस 4151 हा मानकाचा क्रमांक असतो आणि खाली सीएम/एल पासून सुरू होणारा परवाना क्रमांक. एचयूआयडी ज्या बीआयएस केअर ॲपवर तपासतात, त्याच ॲपवर हा परवानाही तपासता येतो : कारखाना कुठला, परवाना चालू आहे की संपला, सगळं दिसतं. मिनिटाचं काम.

तरीही सुभाष चौकात भिंगातून आकडा बघणारा माणूस तिथून निघतो आणि महामार्गाच्या कडेला दोरीला टांगलेलं हेल्मेट, पोलिसाला दाखवण्यापुरतं, वजन हातात घेऊनसुद्धा न बघता उचलतो. त्यावर आयएसआयचा स्टिकर असतो. नखानं खरवडला तर निघतो, आणि परवाना क्रमांकाची जागा रिकामी असते किंवा तिथे काहीतरी आकडे असतात. 1 जून 2021 पासून बीआयएस प्रमाणित नसलेलं दुचाकीचं हेल्मेट बनवणं आणि विकणं देशभर बंद आहे. बीआयएस कायद्यात अशा विक्रीला पहिल्या गुन्ह्यासाठी दोन वर्षांपर्यंतची कैद किंवा किमान दोन लाखांचा दंड आहे. दोरी मात्र अजून टांगलेलीच आहे, कारण विकणाऱ्याला गिऱ्हाईक मिळतं.

"उन्हात डोकं भाजतं" ही सबब मी मान्य करते, कारण मी स्वतः स्कार्फ, सनकोट, हातमोजे एवढा सरंजाम करून दुपारी कॉलेजातून निघते. पण उन्हाचा इलाज हवा खेळणारं हेल्मेट घेणं हा आहे, टोपीसारखं अर्धं घेणं नव्हे. आणि हवा खेळते की नाही, गालाला घट्ट बसतं की नाही, हनुवटीचा पट्टा ओढला तर सुटतो का, हे फोनवर कळत नाही. डोक्यात घालून आरशात बघावं लागतं. चांगलं हेल्मेट मिळायला दिल्लीलाच जावं लागतं असंही नाही. आपल्या बेळगावात बनलेलं हेल्मेट देशभर विकलं जातं. हेल्मेटच्या खरेदीत गावातलं दुकान फोनपेक्षा सरस आहे. दुकानदारांना हे उमगलेलं दिसत नाही. डब्यातून दोनदा काढून दाखवायलाही कुरकुर करतात.

नवी गाडी घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. केंद्रीय मोटार वाहन नियम 138 नुसार गाडीबरोबर मानक हेल्मेट देणं कंपनीवर बंधनकारक आहे. शोरूममध्ये लेग गार्ड, सीट कव्हर, सारी गार्ड यांची यादी पुढे येते तेव्हा ते आधी मागा.

आता दुकानदारांच्या नेहमीच्या तक्रारीकडे येते. "ऑनलाइननं धंदा खाल्ला, मॅडम." खाल्ला असेल. पण फोनवाला जे न मागता देतो, ते तुम्ही मागूनही देत नाही. बिल मागितलं की चेहरा पडतो. "पक्कं बिल हवं असेल तर 18 टक्के वेगळे लागतील" हे वाक्य मी दोन्ही शहरांत ऐकलंय. एमआरपीत कर आधीच धरलेला असतो. त्यावर पुन्हा कर मागणं म्हणजे एकाच खर्चाची दोनदा नोंद. कंपोझिशनवाल्याला तर गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घेताच येत नाही, पण बिल ऑफ सप्लाय द्यावंच लागतं. 200 रुपयांच्या आतल्या विक्रीला वेगळं बिल न फाडायची मुभा आहे, तीही गिऱ्हाइकानं मागितलं नाही तरच. आणि काउंटरमागच्या भिंतीवरची "इलेक्ट्रिक मालाला गॅरंटी नाही" ही पाटी? 20 जुलै 2020 पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल परत घ्यायला नकार देणंही त्यातच येतं. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ती 30 दिवसांची धरतात. सीडीआय दुसऱ्या दिवशी गेला तर भिंतीवरच्या पाटीनं दुकानदार सुटत नाही. पण बिल नसेल तर गिऱ्हाईक सिद्ध काय करणार, कुठल्या दुकानातून घेतला? पाटीची सगळी ताकद आपल्या बिल न मागण्यात आहे.

जळगाव आणि धुळ्याच्या पार्ट्स व्यापाऱ्यांनी एक करावं, कायद्याच्या भीतीनं नव्हे, धंदा म्हणून. "कंपनीचा की लोकल" हे विचारणं बंद करून त्या पार्टची दोन-तीन खोकी काउंटरवर मांडावीत, कारखान्याच्या नावासकट, आणि भाव सांगावेत. बिलावर पार्ट नंबर आणि कारखान्याचं नाव लिहावं. हे जो दुकानदार पहिल्यांदा करील त्याच्याकडे मी दहा रुपये जास्त देऊन जाईन, आणि स्टाफरूममधल्या सगळ्यांना पाठवीन.

गिऱ्हाइकांनी पार्ट नंबर विचारून भाव काढावा, हेल्मेटचा परवाना पैसे देण्याआधी ॲपवर बघावा, मिस्तरीला मजुरी नीट द्यावी आणि बिल घेतल्याशिवाय पायरी उतरू नये. दुकानदार ऐकेनाच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. जिल्हा आयोगात तक्रार राहत्या जिल्ह्यातच करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही.